पहिल्यांदा दाढी करताय? आग, पुळ्या आणि केसतोड टाळायचे असतील तर आधी हे वाचा

भाईंदर पश्चिम : बारावी झाली, कॉलेज सुरू झालं किंवा नोकरीची मुलाखत आली की घरातला मुलगा वडिलांचा रेझर उचलतो आणि आरशासमोर उभा राहतो. पाच मिनिटांत बाहेर येतो तेव्हा गळा लाल झालेला असतो, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं असतं. दुसऱ्या दिवशी बारीक पुळ्या येतात. मग "माझी कातडीच नाजूक आहे" असं तो ठरवून टाकतो.

बहुतेक वेळा दोष कातडीचा नसतो. दाढीचा केस नीट भिजलेला नसतो, ब्लेड बोथट असतं आणि हात जोरात दाबला जातो. या तीन गोष्टी सुधारल्या तर बहुतेकांचा त्रास कमी होतो. उत्तनच्या कोळीवाड्यातला तरुण असो, मुर्धा-राई-मोर्वा गावातला असो किंवा स्टेशनजवळच्या इमारतीत राहणारा, पद्धत सगळ्यांना एकच आहे.

आग का होते?

दाढीचा कोरडा केस डोक्याच्या केसापेक्षा राठ असतो. तो कापायला जोर लागतो. जोर लावला की ब्लेड केसासोबत कातडीचा वरचा पातळ थरही खरवडतं. आग होते ती या खरवडण्यामुळे. हाच केस कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो आणि हलक्या हाताने कापला जातो. म्हणून भिजवण्याचा वेळ वाचवू नका. अर्धी दाढी तिथेच होते.

काय काय लागतं?

- स्वतःचा रेझर. दुधारी ब्लेडचा साधा सेफ्टी रेझर चालतो, वापरून फेकायचाही चालतो. १९०४ मध्ये अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांना अशा रेझरचं पेटंट मिळालं. त्याआधी बहुतेकांना उघड्या वस्तऱ्याशिवाय पर्याय नव्हता. शिकाऊ माणसाने उघड्या वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये.
- नवं ब्लेड.
- दाढीचा साबण किंवा क्रीम, आणि ब्रश. अंगाचा साबण लवकर वाळतो, त्याचा फेस टिकत नाही. त्यामुळे ब्लेड अडकतं.
- कोमट पाणी, स्वच्छ पंचा आणि आरसा. उजेड समोरून यायला हवा.

ज्यांना वारंवार केसतोड होतं त्यांनी तीन-चार पात्यांच्या महाग रेझरपेक्षा एका ब्लेडचा साधा रेझर वापरून बघावा. जास्त पात्यांचा रेझर केस ओढून कातडीच्या खालून कापतो. मग तोच केस वाढताना आतल्या आत वळतो आणि तिथे गाठ धरते.

दाढी कशी करायची?

१) आधी दिशा बघा. कोरड्या दाढीवर बोटं फिरवा. ज्या बाजूला हात गुळगुळीत जातो ती केसांची दिशा. गालावर केस बहुधा खाली जातात, पण गळ्यावर काहींचे वर, काहींचे आडवे जातात. गळ्याला जास्त त्रास होतो त्याचं एक मोठं कारण हेच.

२) भिजवा. आंघोळ झाल्यावर लगेच दाढी करणं सगळ्यात सोपं. नाहीतर कोमट पाण्यात भिजवलेला पंचा दोन-तीन मिनिटं तोंडावर धरा. उकळतं पाणी नको.

३) फेस लावा. ब्रश गोल फिरवत केसांच्या मुळापर्यंत फेस न्या आणि एक मिनिट तसाच राहू द्या. वाळायला लागला तर ओला हात फिरवा. फेस नाही तिथे ब्लेड नाही, हा नियम धरा.

४) रेझर हलका धरा. साध्या सेफ्टी रेझरचं डोकं आधी गालाला टेकवा. मग दांडा हळूहळू खाली आणा. ब्लेड केसाला लागल्याचा आवाज आला की थांबा. कातडी आणि ब्लेडमध्ये साधारण ३० अंशांचा कोन हवा. रेझरच्या वजनानेच केस कापला गेला पाहिजे. दाबावं लागत असेल तर समजा, केस भिजला नाही किंवा ब्लेड गेलं.

५) लहान लहान हात मारा. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर पुरे. दोन हातांनंतर रेझर पाण्यात बुडवून धुवा. दुसऱ्या हाताने कातडी थोडी सपाट करा, पण फार ताणू नका. ताणून कापलेला केस नंतर आत जातो.

६) सोपी जागा आधी. गाल, मग गळा, मग मिशीची जागा आणि हनुवटी. हनुवटीचे केस राठ असतात, तोवर ते आणखी भिजतात. कंठमण्यावर दाढी करताना आवंढा गिळून थांबा किंवा कातडी थोडी बाजूला सरकवून घ्या.

७) सुलटीच करा. सुरुवातीचा महिनाभर फक्त केसांच्या दिशेने रेझर फिरवा. थोडे खुंट राहिले तर राहू द्या. त्याच जागी पुन्हा जायचं असेल तर पुन्हा फेस लावा. उलटी दाढी केली की गाल जास्त गुळगुळीत लागतो हे खरं, पण केसतोडाची सुरुवातही बऱ्याचदा तिथूनच होते.

८) थंड पाण्याने धुवा, पंच्याने टिपा. घासू नका.

दाढी झाल्यावर काय लावायचं?

बारीक कापलं असेल तर ओली तुरटी हलकेच टेकवा. तुरटीने कातडी आकसते आणि थेंबभर रक्त थांबतं. मात्र तुरटी स्वतःची हवी. त्यानंतर वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा, तेवढं पुरे. झोंबणारं स्पिरीटवालं लोशन लावलं म्हणजे काम चोख झालं, असं नाही. खरवडलेल्या कातडीला ते आणखी कोरडं करतं. लिंबू चोळू नका. ज्यांना मुरुमं येतात त्यांनी खोबरेल तेलही टाळावं, त्याने छिद्रं बुजतात.

आपल्याकडच्या तीन अडचणी

पाणी : बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही. अशा वेळी पिण्याचं पाणी तांब्याभर कोमट करून घ्या. एका दाढीला तेवढं पुरतं. नळ चालू ठेवायची गरज नाही.

लोकल : पहाटेची चर्चगेट गाडी पकडायची म्हणून घाईत केलेली दाढी हमखास कापते. रात्री जेवणाआधी किंवा झोपण्याआधी करा. रात्रभरात कातडीला आराम मिळतो. सकाळपर्यंत केस मिलिमीटरभरही वाढत नाही, त्यामुळे चेहरा स्वच्छच दिसतो.

घाम आणि खारं पाणी : बोटीवर, मिठागरात किंवा उन्हात काम असेल तर निघायच्या तोंडावर दाढी करू नका. ताज्या खरवडीवर घाम आणि मीठ झोंबतं. कामावरून आल्यावर, अंग धुऊन दाढी करा.

दुसऱ्याचं ब्लेड कधीच नको

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. वडिलांचा, भावाचा, रूमवरच्या मित्राचा रेझर वापरणं आपल्याकडे सर्रास चालतं. पण ब्लेडवर डोळ्याला न दिसणारं रक्त राहतं. कावीळ ब म्हणजे हिपॅटायटीस बी, त्याचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. हिपॅटायटीस सी सुद्धा रक्तातून पसरतो. एचआयव्हीचा धोका या मार्गाने कमी असला तरी तो घ्यायचा कशाला? पाण्याने धुतलं म्हणून ब्लेड निर्जंतुक होत नाही.

सलूनमध्ये बसल्यावर सांगायला लाजू नका : "दादा, नवीन ब्लेड लावा, माझ्यासमोर." चांगला कारागीर न सांगताही लावतो आणि विचारलं म्हणून रागावत नाही. सगळ्या गिऱ्हाइकांच्या तोंडावर फिरणारा तुरटीचा खडा मात्र नको म्हणा. हिपॅटायटीस बी ची लस उपलब्ध आहे. लहानपणी घेतली नसेल तर मोठ्यांनाही घेता येते, साधारण तीन डोस असतात. डॉक्टरांना विचारा. एचआयव्हीबद्दल शंका असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ वर मोफत माहिती मिळते.

पुळ्या आल्याच तर?

आधी दाढी थांबवा. किमान काही दिवस, केसतोड जास्त असेल तर तीन-चार आठवडे. नोकरीमुळे थांबता येत नसेल तर ट्रिमरने मिलिमीटरभर केस ठेवून कापा. दिवसातून दोनदा कोमट पाण्याचा पंचा शेकासारखा धरा. पुळी फोडू नका, सुईने केस उकरू नका. काळे डाग आणि वण त्यानेच पडतात.

आणि एक मोठी चूक टाळा. मेडिकलमध्ये जाऊन "खाजेवर, पुळ्यांवर एखादी ट्यूब द्या" असं म्हणू नका. अशा बऱ्याच मिश्र मलमांत स्टिरॉईड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते, लाल पडते, मुरुमं वाढतात आणि नायटा असेल तर तो पसरतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉईड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली, ती याच कारणाने.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

- पू, वाढत जाणारी लाली, सूज किंवा ताप असेल तर
- दाढीत गोल, खाजणारा चट्टा दिसत असेल किंवा तिथले केस गळत असतील तर
- कापल्यावर १० ते १५ मिनिटं स्वच्छ कापड दाबून धरूनही रक्त थांबत नसेल तर
- मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि जखम झाली असेल तर

भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. टेंभा हॉस्पिटल म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. गावाकडे असाल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

ब्लेड कधी बदलायचं, कुठे टाकायचं?

साधं ब्लेड चार-पाच दाढ्यांनंतर बदला. त्याआधी ओढायला लागलं तर त्याच दिवशी बदला. दाढी झाल्यावर रेझर धुऊन, पाणी झटकून मोरीबाहेर कोरड्या जागी ठेवा. ब्लेड पंच्याला पुसू नका, धारही जाते आणि बोटही कापतं.

जुनं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं तरी ते सफाई कामगाराचा हात कापतं. झाकणाच्या जुन्या डब्याला वर एक फट पाडा आणि वापरलेली ब्लेडं त्यात टाकत जा. डबा भरला की तोंड चिकटपट्टीने बंद करून, वर "ब्लेड" असं लिहून सुक्या कचऱ्यासोबत वेगळा द्या.

एक गैरसमज

दाढी केल्याने केस दाट किंवा जाड होत नाहीत. वाढलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते सपाट होतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. त्यामुळे दाढी लवकर यावी म्हणून कोवळ्या वयात रोज ब्लेड फिरवायची गरज नाही. मिसरूड फुटलेल्या मुलाला आठवड्यातून एकदा दाढी पुरते.

घरात मोठं कोणी असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा मुलाच्या शेजारी उभं राहा. तो स्वतःच शिकेल म्हणून सोडून देऊ नका. त्याला नवा रेझर आणून द्या, केसांची दिशा दाखवा आणि हात हलका ठेवायला सांगा. पहिली दाढी दहा-पंधरा मिनिटं घेईल, घेऊ द्या.