नाक्यावरचा कर्णा आणि वर्गातले मौन

गाण्यांमुळे तरुण बिघडतात, ही चिंता डीजेहून बरीच जुनी आहे. १९४८ साली मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे संहिता तपासून परवानगी देण्याची व्यवस्था आली. लावणीत निदान स्वतःची इच्छा बोलून दाखवणारी स्त्री होती, शब्द मात्र बहुधा शाहिराचे, म्हणजे पुरुषाचे. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडके यांनी द्वयर्थाला हसण्याची मोकळीक मिळवून दिली. १९९३ साली ‘खलनायक’मधल्या चोळीच्या गाण्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला.

ठाण्यात आनंद दिघे यांनी नावारूपाला आणलेल्या टेंभी नाक्याच्या दहीहंडीत मला या इतिहासाचा पुढचा अध्याय दिसला. २०१० साली आलेल्या ‘मुन्नी’ आणि ‘शीला’च्या गाण्यांवर पोरे बेभान नाचत, त्याच ठेक्यावर एखादी मुलगी नाचली की भोवतालच्या नजरा बदलत. गाणे एकच, मुभा मात्र दोन प्रकारची.

हा भेद गाण्याने निर्माण केला नाही. त्याने तो फक्त ताल धरून पाठ करून घेतला. त्याला उत्तर देणारा दुसरा आवाज आपण राखला नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्याच महाराष्ट्राने २००७ साली शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले. वर्गात मौन आणि नाक्यावर कर्णा असेल, तर संमती हा शब्द मुलांनी ऐकायचा कुठे?