शब्दांच्या वाड्यातील पंचाईत

खेळातले भांडण खेळातच मिटवावे, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. पण ज्या खेळात शब्दांवाचून दुसरे काहीच नाही, तेथे हा संकेत कितपत टिकतो?

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांनी 'मड' हा संगणकीय खेळ आरंभला. रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला. चित्र नाही, ध्वनी नाही. सारे लिहायचे आणि वाचायचे. याच परंपरेत पॅव्हेल कर्टिस यांनी अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 'लॅम्डामू' उभारले. स्वतःच्या घराच्या नमुन्यावर रचलेला हा शब्दांचा वाडाच होता. डिसेंबर १९९२मध्ये त्यांनी जाहीर केले की, 'विझर्ड' म्हणवणारे व्यवस्थापक यापुढे तांत्रिक कामे तेवढी पाहतील. आपसांतले तंटे रहिवाशांनीच सोडवावेत.

काही महिन्यांतच, मार्च १९९३मध्ये, परीक्षेची वेळ आली. 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने एका क्लृप्तीने भर दिवाणखान्यात इतर पात्रांच्या नावे अश्लील, हिंसक कृती लिहिल्या. वाक्यात कर्ता आपण, क्रियापद मात्र दुसऱ्याने लादलेले! ही विटंबना 'केवळ शब्दांची' म्हणून सोडून देणे आम्हांला तरी साहित्याच्या वाचकाला न शोभणारे वाटते.

रहिवाशांची सभा भरली. बंगलचे पात्र कायमचे पुसावे, असे कोणी म्हणाले. नियमच नसताना शिक्षा कशी द्यावी, असे कोणी विचारले. बंगलही येऊन गेला. तासन्‌तास वाद चालला, पण निर्णय झाला नाही. अखेर एका विझर्डने एकट्यानेच ते पात्र पुसून टाकले. नंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. मात्र १९९६मध्ये, तांत्रिक आणि सामाजिक प्रश्न वेगळे काढता येत नाहीत अशी कबुली देऊन, विझर्डांनी आपले अधिकार पुन्हा हाती घेतले.

ज्युलियन डिबेल यांनी डिसेंबर १९९३मध्ये 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये ही हकीकत मांडली, तेव्हापासून तिची चर्चा बहुधा अपराधाभोवती फिरते. आम्हांला ती सभा अधिक महत्त्वाची वाटते. तेथे मतभेद होते, आणि ते ऐकून घेतले गेले. निर्णयापर्यंत नेणारी वाट मात्र नव्हती. सभ्यपणे वाद घालणे ही वाचेची शिस्त खरी, पण वादाच्या शेवटी न्याय कोणी आणि कसा करायचा हे आधी ठरलेले नसेल, तर शेवटचा शब्द ज्याच्या हाती कळ असते त्याचाच होतो.