काडी, वाटाणा आणि वॉल-ट्यूब

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवण्याची बारीक रबरी नळी यांतून मुले जे त्रिकोण, झोपड्या आणि मनोरे उभारतात, ते खेळणे ‘साधे’ म्हणून ओळखले जाते आणि या साधेपणामुळेच हरवलेल्या बालपणाची खूण म्हणून त्याच्याकडे हळवेपणाने पाहिले जाते. परंतु त्याचे कूळ शोधू गेल्यास ते फारसे जुनेही ठरत नाही आणि गावरान परंपरेतून आलेलेही ठरत नाही.

काड्यांना सांधे देऊन आकृती उभारण्याच्या कल्पनेचा माग एकोणिसाव्या शतकातील जर्मनीपर्यंत लागतो. फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्याने मुलांच्या हाती देण्यासाठी जी साधने आणि हस्तउद्योग क्रमवार योजले, त्यांत भिजवलेले वाटाणे आणि टोकदार काड्या यांचे काम होते. मऊ वाटाण्यात काड्या खोचायच्या आणि वाटाणे वाळू द्यायचे, म्हणजे ते आक्रसून काड्यांना घट्ट धरतात आणि आकृती ताठ उभी राहते. शिक्षणाकडे पूर्णपणे वळण्यापूर्वी फ्रोबेलने बर्लिनमध्ये क्रिस्टियान सॅम्युएल वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजसंग्रहालयात काम केले होते, ही गोष्ट येथे दुर्लक्षून चालणार नाही. कारण वाटाणा हा कोपरा आणि काडी ही कड मानली, तर मूल जे बनवते तो स्फटिकाचा सांगाडाच असतो.

या वाटाण्यांचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे रचनाकार बकमिन्स्टर फुलर. १८९९ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बालवर्गात असताना या मुलाची दृष्टी इतकी अधू होती की इतरांसारखी घराची चौकट त्याला डोळ्यांनी नीट दिसत नसे. त्यामुळे त्याने हाताला जे पक्के लागले ते, म्हणजे त्रिकोण, जोडत नेले. त्याच धर्तीच्या त्रिकोणी जाळीच्या बांधणीचे पेटंट त्याला १९६१ साली मिळाले. दरम्यान लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी याने १९०१ साली भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळाचे पेटंट घेतले. पुढे ‘मेकॅनो’ या नावाने तो जगभर गेला, मात्र भारतात तो सुखवस्तू घरांपुरताच राहिला.

भारतीय शाखेचा आरंभ १९७८ मध्ये होतो. आयआयटी कानपूरमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात दाखल झाले. १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे सूत्र असे होते, की खेड्यातील मुलांनी विज्ञान पाठ न करता प्रयोगातून शिकावे आणि प्रयोगाचे सामान जवळपास मिळणारे असावे. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंच्या शोधात काडी आणि ‘वॉल-ट्यूब’ यांची गाठ पडली. वॉल-ट्यूब हा ‘व्हॉल्व्ह-ट्यूब’चा सायकलच्या दुकानातला उच्चार असून ही नळी व्हॉल्व्हच्या धातूच्या दांडीवर चढवलेली असते, पंपाची हवा दांडीच्या छिद्रातून नळीला ढकलून आत शिरते आणि परत येऊ लागली की तीच नळी छिद्रावर दाबली जाऊन वाट बुजवते.

कृती पाहिल्यावाचून या शोधाचे मोल कळत नाही. प्रथम पात्याने काडीचे गूल खरवडून टाकायचे, नळीचा दीडेक सेंटिमीटरचा तुकडा कापायचा आणि त्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी सरकवायची, की दोहोंचा सांधा तयार होतो. हा सांधा वाटाण्यासारखा वाळत नाही. तो कोणत्याही कोनात वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. तिसरी काडी हवी असल्यास बाभळीच्या काट्याने नळीच्या मध्यावर भोक पाडून तिचे टोक आत दाबायचे. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलताच तिरका होतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. पुलाच्या कैच्या आणि विजेचे मनोरे त्रिकोणांचे का असतात, हे सांगण्यासाठी मग फळ्याची गरज राहत नाही.

या खेळण्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणण्याची प्रथा आहे, पण ते वर्णन अपुरे आहे. सगळ्या काड्या एकाच लांबीच्या असतात, कारण त्या यंत्राने कापलेल्या असतात. नळीचे तोंडही सर्वत्र सारखेच असते. तुरीच्या काटक्या घेतल्या तर समभुज त्रिकोण साधण्यासाठी आधी मोजमाप करीत बसावे लागेल. भारतात काडेपेट्यांचे उत्पादन अंबरनाथ आणि शिवकाशी येथील कारखान्यांनी वाढवले आणि सायकल गावोगाव पोचली, त्यानंतरच हे खेळणे शक्य झाले. म्हणजे ते कारखान्यांच्या युगाचे अपत्य आहे. मेकॅनोचा गरीब भाऊ म्हणावा, तर हा भाऊ थोरल्यापेक्षा अधिक लवचीक निघाला.

प्रसाराची कथाही अशीच हळवेपणाला छेद देणारी आहे. काड्यांच्या प्रयोगांची पुस्तिका भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने प्रकाशित केली आणि ती अनेक भारतीय भाषांत गेली. गुप्ता यांनी अशा प्रयोगांचे कार्यक्रम दूरदर्शनवरही केले. खरा विस्तार मात्र पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून झाला. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि त्यांची आठवण म्हणून ‘पुलस्त्य’ नाव दिलेल्या तिच्या वास्तूत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो लहान चित्रफिती तयार करून इंटरनेटवर विनामूल्य ठेवल्या, आणि त्यांना मराठीसह अनेक भाषांतील आवाज दिले. यंत्रांच्या नव्या आवृत्त्या दाखवणाऱ्या ऑनलाइन कार्यक्रमांत बोलणाऱ्याचा चेहरा आणि वस्तूची किंमत पुढे असते, तर या चित्रफितींत बहुधा फक्त हात दिसतात. मुलाला नक्कल करायची असते ती हाताची, हे लक्षात घेता ही निवड अचूक होती. २०१८ साली गुप्ता यांना पद्मश्री मिळाली.

आता अडचण उरते ती सामानाची. लाकडी काडीच्या जागी येणारी मेणकागदाची काडी सांध्यात शिरताना वाकते, आणि नव्या धर्तीच्या अनेक सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग असल्याने रबरी नळी लागतच नाही. चित्रफीत पाहून मूल नळी मागायला निघाले, तर त्याला जुन्या सायकली दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात न्यावे; तेथे ती अजून लांबीवर कापून मिळते.