तीन वर्षांचा संघ

महाविद्यालयाच्या संघाचं आयुष्य तीन वर्षांचं असतं. एफ.वाय.ला आलेली मुलगी पहिला हंगाम बहुतेक राखीव खेळाडूंत काढते. पास कुठल्या पायानं द्यायचा, अंगावर आलेल्या चेंडूपुढं डोळे कसे मिटायचे नाहीत, हे टी.वाय.च्या मुलींकडं बघत शिकते. दुसऱ्या वर्षी अकरा जणींत येते. तिसऱ्या वर्षी नव्या मुलींना तीच शिकवते आणि निरोप समारंभाचा फोटो काढून निघून जाते. तालुक्याच्या गावात तर ही साखळी फारच नाजूक. तिथं शाळेत मुलींच्या वाट्याला येतात खो-खो, कबड्डी आणि धावणं. फुटबॉलशी पहिली गाठ पडते ती अकरावीत, नाहीतर थेट पदवीच्या वर्गात. म्हणजे जे शिकायचं ते वरच्या वर्गातल्या मुलींकडून. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळं महाविद्यालयं बंद झाली आणि पुढची जवळपास दोन वर्षं स्पर्धांचं वेळापत्रक कोलमडलं. तीन वर्षांच्या आयुष्यातली दोन वर्षं त्यात गेली.

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरसारख्या गावात बसून या दोन वर्षांचा हिशेब मांडायला हवा, कारण मुंबई-पुण्याच्या क्लबांना जे परवडलं ते तालुक्याच्या महाविद्यालयाला परवडलं नाही.

बोरी नदीच्या काठचं हे गाव शिक्षणाच्या बाबतीत आपल्या आकारापेक्षा नेहमीच मोठं राहिलं. प्रताप शेठजींच्या गिरणीच्या पैशावर इथं शाळा उभ्या राहिल्या, 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. साने गुरुजींनी प्रताप हायस्कुलात शिकवलं, छात्रालय सांभाळलं. 1945 साली प्रताप महाविद्यालय निघालं. महाविद्यालय सुरुवातीला मुंबई विद्यापीठाकडं होतं. 1949 साली पुणे विद्यापीठ निघालं आणि खानदेश तिकडं जोडला गेला. विद्यापीठाच्या संघात नाव लागायचं तर इथल्या खेळाडूला पुण्याच्या खेळाडूंशी टक्कर द्यावी लागे, निवड चाचणीसाठी तेवढा प्रवास करावा लागे. मुलीला घरून त्यासाठी परवानगी मिळणं किती अवघड असेल, हे वेगळं सांगायला नको. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा हे अंतर तासा-दीड तासावर आलं. खानदेशातल्या मुलींच्या खेळाच्या इतिहासात या तारखेला जेवढं महत्त्व द्यायला हवं तेवढं दिलं जात नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि एरंडोल असे स्पर्धांचे चार विभाग झाले. अमळनेर एरंडोल विभागात. विभागातून आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी पायऱ्यांची वाट तयार झाली. विद्यापीठाच्या संघातून खेळल्याची खूण असलेला 'कलर होल्डर' हा शब्द आपल्या गावच्या मुलीच्या नावामागं लागू शकतो, हे पालकांनाही दिसू लागलं.

देशातल्या मुलींच्या फुटबॉलनं मात्र चढ आणि उतार दोन्ही पाहिले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1975 साली उत्तर प्रदेशातल्या सुलतानपूरला झाली. मुख्य राष्ट्रीय महासंघाला त्या वेळी मुलींच्या खेळाशी काही देणंघेणं नव्हतं. महिला फुटबॉलचा वेगळा महासंघ स्थापून काही माणसांनी तो चालवला. अशा तुटपुंज्या आधारावर भारतीय मुलींनी जे केलं ते आज वाचताना छाती भरून येते. जानेवारी 1980 मध्ये आशियाई महिला स्पर्धा केरळात कालिकतला झाली. यजमानांनी दक्षिण आणि उत्तर असे दोन संघ उतरवले. त्यातला दक्षिण संघ अंतिम सामन्यात पोचला आणि चिनी तैपेईकडून हरला. 1983 साली बँकॉकला भारत पुन्हा उपविजेता ठरला. त्याच वर्षी शांती मलिक अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला फुटबॉलपटू झाल्या.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुलींचा कारभार मुख्य महासंघाकडं आला. आता दिवस पालटतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. सामने कमी होत गेले, आणि 2009 साली तर फिफाच्या जागतिक क्रमवारीतून भारतीय महिला संघाचं नावच गळलं, कारण संघ बराच काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. तेव्हा कुठली साथ नव्हती, टाळेबंदी नव्हती. मुलींना खेळवायचं कुणाच्या मनात नव्हतं, एवढंच कारण.

इंग्लंडची गोष्ट याहून कठोर आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागलेल्या बायकांनी फुटबॉलचे संघ काढले. 1918-19 ची फ्लूची साथ आली, लाखो माणसं दगावली, तरी हे संघ टिकले, उलट वाढले. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला सुमारे 53,000 माणसं आली. वर्ष उलटायच्या आत, 5 डिसेंबर 1921 ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळू द्यायचं नाही असा ठराव केला. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं राहिली. साथीला जे जमलं नाही ते मैदानाचं फाटक बंद करून साधलं गेलं. तालुक्याच्या गावात मैदान संध्याकाळी पोरांनी व्यापलेलं असतं आणि मुलींना कोपरा मिळतो. तिथंही मामला याच जातीचा आहे.

आपल्याकडं 2017 पासून चित्र बदलू लागलं होतं. मुलांच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्तानं 15 सप्टेंबर 2017 ला महाराष्ट्र सरकारनं दहा लाख मुलामुलींना फुटबॉल खेळवायची मोहीम राबवली. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली होती, आणि कोल्हापूरसारख्या पुरुषांच्या फुटबॉलसाठी नावाजलेल्या शहराचा महिला संघ तिच्यात उतरला होता. 2020 चा फेब्रुवारी तर या खेळातल्या मुलींसाठी कधी नव्हे इतका भरलेला होता. 14 फेब्रुवारीला बंगळुरूत राष्ट्रीय लीगचा अंतिम सामना झाला, गोकुलम केरळनं क्रिफ्साला 3-2 असं हरवलं. 22 फेब्रुवारीला भुवनेश्वरमध्ये पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या. आणि नोव्हेंबरमध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात व्हायचा होता. यजमान शहरांत नवी मुंबई होती.

मग मार्च आला.

जळगाव जिल्ह्याला पहिल्या लाटेचा तडाखा जबर बसला आणि एप्रिल-मे महिन्यांत अमळनेर त्याच्या केंद्रस्थानी होतं. 26 एप्रिल 2020 ला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. खानदेशात आखाजी हा लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, फुगड्या रंगतात. मुलींनी मनसोक्त खेळावं, मोठ्यानं हसावं, अंगणाबाहेर जावं, याला वर्षातून एकदा पंचांगाचीच मान्यता. त्या वर्षी लेकी माहेरी आल्या नाहीत. बोरीच्या वाळवंटात संत सखाराम महाराजांची यात्रा भरली नाही. पुढच्या वर्षी आखाजी 14 मे 2021 ला आली, ती दुसऱ्या लाटेत. खानदेशातल्या मुलींच्या दृष्टीनं महाविद्यालयाचा संघ आणि आखाजीचा झोका ही दोन्ही खेळाची हक्काची ठिकाणं एकदमच बंद झाली, आणि याची नोंद कुठल्याही शासकीय अहवालात सापडणार नाही.

महाविद्यालयांची उघडझाप आठवली तरी थकायला होतं. 28 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असा निकाल दिला. टी.वाय.च्या मुलींनी ऑक्टोबरात मोबाईलवर बहुपर्यायी प्रश्न सोडवून पदवी घेतली, आणि त्यांचा संघ शेवटचा सामना न खेळताच विसर्जित झाला. 15 फेब्रुवारी 2021 ला निम्म्या उपस्थितीत वर्ग उघडले, ते काही दिवसांतच दुसऱ्या लाटेनं पुन्हा बंद. 20 ऑक्टोबर 2021 ला लस घेतलेल्यांसाठी दारं उघडली. जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉननं ती पुन्हा लावली. फेब्रुवारीत परत उघडली. या धावपळीत वर्ग ऑनलाईन झाले, परीक्षा ऑनलाईन झाल्या. जोडीनं पास देण्याचा सराव मोबाईलवर कसा होणार? मैदानावर फक्की मारलेल्या रेषा पहिल्या पावसातच गेल्या. गवत वाढलं. ज्या मुली 2019 मध्ये एफ.वाय.ला होत्या त्या 2022 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या वाट्याला एकच हंगाम पुरता आला. ज्या 2020 मध्ये आल्या त्यांना शिकवायला मैदानावर कुणी नव्हतं.

मोठ्या पातळीवरही हेच घडत होतं, आणि तिथं वयाची अट निर्दय होती. मुलींचा विश्वचषक नोव्हेंबर 2020 मधून फेब्रुवारी-मार्च 2021 मध्ये ढकलला गेला, आणि 17 नोव्हेंबर 2020 ला फिफानं तो रद्दच केला. 2022 चं यजमानपद भारताला मिळालं खरं, पण नव्या स्पर्धेसाठी 1 जानेवारी 2005 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच पात्र होत्या. 2003 आणि 2004 साली जन्मलेल्या, शिबिरांत घाम गाळलेल्या मुलींना विश्वचषक टीव्हीवर बघावा लागला. ऑक्टोबर 2022 मध्ये भारताचा संघ अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील या तिन्ही संघांकडून हरला. त्या संघात पुण्याची काजोल डिसूझा होती, ही महाराष्ट्राच्या दृष्टीनं जमेची बाजू.

त्याआधी जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्राच्या भूमीवर जे घडलं ते या सगळ्या काळाचं सार आहे. कालिकतनंतर चार दशकांनी आशियाई महिला स्पर्धा भारतात आली होती आणि सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होते. पहिल्या चार-सहा संघांत आलं तर विश्वचषकाची वाट मोकळी होणार होती. 20 जानेवारीला भारतानं इराणशी 0-0 अशी बरोबरी केली. 23 जानेवारीच्या संध्याकाळी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चिनी तैपेईशी गाठ होती, म्हणजे कालिकतच्या अंतिम सामन्यातल्याच प्रतिस्पर्ध्याशी. प्रतिस्पर्धी मैदानावर आले. भारताच्या डझनभर खेळाडूंच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या होत्या. नियमानं लागणाऱ्या किमान 13 जणी उभ्या करता आल्या नाहीत. सामना झालाच नाही. भारत स्पर्धेबाहेर गेला आणि इराणशी झालेली बरोबरीही रद्द धरली गेली. हरून बाहेर पडण्याचं दुःख वेगळं. इथं घरच्या मैदानावर दुसऱ्या सामन्यात चेंडूला पाय न लावताच घरी जावं लागलं.

हुकलेल्या हंगामाचा पेच अमेरिकेतल्या महाविद्यालयांपुढंही होता. 1972 च्या कायद्यानं तिथं शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी बंधनकारक झाली आणि महाविद्यालयीन महिला फुटबॉल त्यातून फोफावला. 2020 च्या शरद ऋतूतली त्यांची राष्ट्रीय स्पर्धा पुढच्या वसंतात नेण्यात आली आणि मे 2021 मध्ये पार पडली. महत्त्वाचं म्हणजे त्या हंगामातल्या सगळ्या खेळाडूंना पात्रतेचं एक वर्ष वाढवून मिळालं. गेलेलं वर्ष खेळाडूच्या खात्यावर परत जमा झालं. त्या निर्णयामागची समज साधी होती: साथ ही खेळाडूची चूक नव्हे.

आपल्याकडं तालुक्याच्या मुलीचं नुकसान नुसतं खेळाचं झालं नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, आणि ते प्रमाणपत्रावर चालतं. स्पर्धा नाही तर प्रमाणपत्र नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीसाठी त्या एका कागदाचं मोल काय असतं, हे कुठल्याही क्रीडा संचालकाला विचारावं. टी.वाय. संपलं की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. संघात असलेल्या मुलीला "अजून एक हंगाम आहे" असं सांगता येतं. 2020 आणि 2021 मध्ये ते सांगायचीही सोय उरली नाही.

पुढं काय? भारताच्या महिला संघानं 5 जुलै 2025 ला चियांग माईत थायलंडला 2-1 असं हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि आशियाई महिला स्पर्धेत पहिल्यांदाच पात्रता फेरीतून जागा मिळवली. वरच्या टोकाला आशा आहे. खालच्या टोकाला नव्या शैक्षणिक धोरणानं दोन गोष्टी हाताशी दिल्या आहेत. पदवीचं चौथं वर्ष घेता येतं, म्हणजे संघाचं आयुष्य वर्षानं वाढू शकतं. आणि सहअभ्यासक्रमात खेळाला श्रेयांक मिळतात, म्हणजे मैदानावर गेलेला वेळ वाया गेला असं पालकांना म्हणता येणार नाही.

पण श्रेयांक कागदावर राहू नयेत. एरंडोल विभागातल्या महाविद्यालयांनी जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीवरच मुलींची नावं संघासाठी घ्यावीत, मैदानाचा संध्याकाळचा एक तास वेळापत्रकात मुलींच्या नावानं लिहावा, आणि 2019 ते 2022 दरम्यान ज्यांचा हंगाम हुकला त्या माजी विद्यार्थिनींना नव्या मुलींना शिकवायला मानधन देऊन बोलवावं. त्यांचा खेळ अर्धा राहिला आहे. बोलावलं तर त्या येतील.