पाऊणपटीची कुळकथा

आरे आणि वारे ही रत्नागिरीच्या उत्तरेची दोन गावं. गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर त्यांची नावं जोडूनच घेतली जातात. होडी खाडीबाहेर कधी काढायची, कालवं काढायला खडकांवर कधी उतरायचं, पर्यटकांना पाण्यापासून कधी लांब ठेवायचं, हे इथे भरती ठरवते. आज कुठल्याही कचेरीत असं महिन्याचं वेळापत्रक करायला बसलेला माणूस बहुधा एक्सेल उघडतो. पहिल्या तारखेची भरतीची वेळ टाकतो, खालच्या घरात तिच्यात ५० मिनिटं मिळवतो आणि कोपऱ्यातला ठिपका धरून सूत्र खाली ओढतो. दर महिन्याला हेच करायचा कंटाळा आला की मॅक्रो. या मॅक्रोचा एक पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर फार आधीपासून नांदतो आहे, आणि एका बाबतीत तो नातवापेक्षा शहाणा आहे.

तो पूर्वज म्हणजे पाऊणपट. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ना कागद, ना यंत्र. पण हिशेब नीट तपासला तर पाऊणपट थोडी तोकडी पडते. पंधरा तिथींत भरती घड्याळाचा अर्धा दिवस, म्हणजे बारा तास पुढे सरकते. एका तिथीला ४८ मिनिटं आली, तासाचे चार पंचमांश. पाऊण तास म्हणजे ४५. मग चार पंचमांश सोडून पाऊण का? माझा तर्क असा, की जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत; चार पंचमांशाचा पाढा कुणी म्हणून घेतला नाही. जे तोंडपाठ होतं त्यात समुद्र बसवला गेला. याहून गमतीची गोष्ट घटकेची. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे एका तिथीला बरोबर दोन घटका. घटकांत मोजणाऱ्याला पाऊणकीची गरजच नव्हती, तिथीची दुप्पट पुरली असती आणि उत्तरही जास्त अचूक आलं असतं. पाऊणपटीचं आजचं रूप घड्याळाचा तास किनाऱ्यावर रुळल्यानंतरचं असणार, हे त्यावरून दिसतं. हा गणितातून काढलेला निष्कर्ष आहे, दप्तरातला पुरावा नव्हे. पण मापं बदलली की सूत्रं अशीच घासून नवी होतात.

मॅक्रोची दुसरी, अधिकृत वंशावळ सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लांब, मोठा. एका छोट्या आज्ञेतून आज्ञांची लांब माळ उलगडते म्हणून संगणकाच्या भाषेत हे नाव रुजलं. संगणकशास्त्रज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांचा त्यावरचा निबंध १९६० चा. १९७९ साली व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट आलं, १९८३ साली लोटस १-२-३, आणि त्यात दाबायच्या कळांची रांग एका घरात लिहून ठेवायची सोय. एक्सेलमध्ये १९९३ पासून या सोयीची पुरती प्रोग्रामिंगची भाषाच झाली. या घराण्यात चुकाही वारशाने येतात. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे ते नव्हतं. लोटसच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलनेही ती चूक जाणूनबुजून उचलली, आणि २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उजाडलेली तारीख तिथे अजून सापडते.

आता कुणी म्हणेल, यंत्रच नाही तिथे मॅक्रो कसला? पण मॅक्रोतून यंत्र वजा केलं तर उरतं काय? एकदा विचार करून ठरवलेल्या पायऱ्या, ज्या पुढच्या वेळी विचार न करता चढायच्या. पाऊणपट नेमकी तेवढीच आहे. फरक पुढे आहे. पाऊणपट आजचं उत्तर कालच्या उत्तरावरून काढत नाही. रोज तिथीकडे, म्हणजे चंद्र-सूर्यातल्या अंतराकडे जाते. तिथीचा क्षय झाला तर तीही एक पायरी गाळते. ओढलेलं सूत्र मात्र कालच्या घरावर टेकलेलं असतं. भरतीचं रोजचं सरकणं सरासरीने ५० मिनिटं २८ सेकंदांचं. वरचे २८ सेकंद सोडले तर महिन्यात चौदा मिनिटं चुकतात, चालून जातं. पण पुढच्या महिन्याचा मॅक्रो मागच्याच्या शेवटच्या घरापासून सुरू होतो, आणि वर्षाअखेर ही तूट दोन तास पन्नास मिनिटांवर पोचते. कागद म्हणतो ओहोटी लागली, आणि वाऱ्याच्या वाळूवर पाणी अजून चढतंच आहे.

उलट बाजूचा आक्षेप जास्त वजनदार आहे. पाऊणपटही चुकतेच की. पौर्णिमेला ती सव्वाअकरा सांगते आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण. समुद्र अशी दीड तासाची उडी मारत नाही. शिवाय भरती या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, रत्नागिरीला मुंबईच्या आधी येते, आणि नियम दोन्हीकडे एकच. हे सगळं मान्य. पण तिची चूक दर पंधरवड्याला त्याच जागी, पौर्णिमा-अमावास्येच्या सांध्यावर उघडी पडते आणि तिथेच पुसली जाते. पुढच्या पंधरवड्यात जात नाही. आणि सर्व्हे ऑफ इंडियाची छापील भरती-कोष्टकं असताना हा खटाटोप कशाला, असं विचाराल तर वेळेपुरती कोष्टकंच खरी. मात्र ती कशी तयार होत आली ते पाहण्यासारखं आहे. शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनने १८७२ च्या सुमारास भरतीचं भाकीत करणारं यंत्र योजलं, आणि १८७९ साली एडवर्ड रॉबर्ट्‌सने हिंदुस्थानच्या बंदरांसाठी इंडिया ऑफिसकरता तसंच एक तयार करवलं. त्यात चंद्र-सूर्याच्या एकेका गतीसाठी एकेक चाक होतं आणि साऱ्यांची बेरीज एक तार करी. तेही कालच्या भरतीला विचारत नव्हतं.

म्हणून आरे-वाऱ्याचं वेळापत्रक एक्सेलमध्येच करायचं तर तारखेशेजारी एक स्तंभ तिथीचा हवा, सूर्योदयाची तिथी पंचांगातून किंवा भिंतीवरच्या कालनिर्णयातून उतरलेली. तिला ०.८ ने गुणायचं, रत्नागिरीच्या भरतीचा या उत्तरापासूनचा फरक एका वेगळ्या घरात ठेवून मिळवायचा. खाली ओढायचा ठिपका तोच. सूत्र फक्त वरच्या घराऐवजी शेजारच्या घराकडे बघतं.