तीन खाती, एक माणूस

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या कुशीतले दोन तालुके. भोर हे १९४८ पर्यंत पंत सचिवांचे संस्थान होते. वेल्ह्यास राजगडचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. या डोंगरपट्ट्यातला एखादा माणूस दारूपायी घरास पारखा झाला, तर शासनाच्या तिजोरीतून त्याच्या वाट्यास काय येते? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

आरंभी त्याच्या वाट्यास शिक्षा आली. घटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने दारूबंदीचे ध्येय शासनापुढे ठेवले, आणि मुंबई राज्याने १९४९ सालीच तसा कायदा केला. १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने, उपजीविकेचे साधन नसलेला व भिक्षेवर जगत असावा असा दिसणारा भटका मनुष्यही भिक्षेकरी ठरविला. पहिल्या खेपेसच त्यास १ ते ३ वर्षे स्थानबद्ध करता येई. पैसा खर्च होत होता. पण तो पोलीस, न्यायालय आणि भिक्षेकरीगृहावर.

व्यसन हा आजार आहे, हा विचार रुजविण्यात समाजसेवकांचा वाटा मोठा. फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले. १९८६ साली डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात येरवडा येथे मुक्तांगण उभारले, त्यास पु. ल. देशपांडे यांचे आर्थिक साहाय्य लाभले. १९८५-८६ पासून केंद्र सरकारनेही व्यसनमुक्तीच्या कामासाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना राबविली. तिच्यातून मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळत असे. दंडाकडून उपचाराकडे वळणारे हे पाऊल होते.

निवाऱ्याचा प्रवाह मात्र निराळ्या वाटेने आला. खेड्यांसाठी १९८५ साली इंदिरा आवास योजना निघाली व २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. शहरांतील बेघरांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली आदेश दिले, आणि २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानात रात्रनिवाऱ्यांना निधी मिळाला. पण हे निवारे नागरी वस्तीचे. भोरला नगरपालिका आहे. वेल्ह्याचा डोंगरभाग ग्रामपंचायतींचा. घरकुलाच्या यादीत कुटुंबाचे नाव लागते. कुटुंबानेच ज्याचे नाव टाकले, त्याचे काय?

वाचकहो, गोम येथेच आहे. उपचाराचा पैसा सामाजिक न्याय खात्याचा, शहरी निवाऱ्याचा नगरविकास खात्याचा, खेड्यातील घरकुलाचा ग्रामविकास खात्याचा. माणूस मात्र एकच. महिनाभराच्या उपचाराने शरीर सावरते. पण केंद्राच्या दारातून बाहेर पडल्यावर निजायला ओसरी नसेल, तर पाय पुन्हा गुत्त्याकडेच वळणार. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली एका संस्थेने हा क्रमच उलटा केला : आधी घर, मग उपचार. फिनलंडने २००८ पासून तेच राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले.

शासनाने ही खाती जोडावीत, ही मागणी न्याय्य आहे व आपण ती केली पाहिजे. परंतु उपचार संपवून आलेल्या माणसाला पहिले काही महिने कोणी ठेवून घ्यायचे, कामाला कोणी लावायचे, हे शेवटी गावाने आणि धर्मग्रामानेच ठरवावयाचे असते. अनुदानाने खाट मिळते. दार उघडणारा माणूस अनुदानाने मिळत नाही; तो आपल्यांतूनच यावा लागतो.