घारापुरीच्या लिंगवेदीची मापने

नवी मुंबईच्या किनाऱ्यासमोरील घारापुरीच्या मुख्य लेण्याविषयी लिहिताना महेशमूर्तीच्या मुद्रेवर जेवढी शाई खर्ची पडते तेवढी लेण्याच्या मापांवर पडत नाही. वस्तुतः इतिहासाचा भार येथे बव्हंशी मापांवरच आहे, कारण लेख उरलेला नाही. द्वारावरील एक शिलालेख पोर्तुगालला पाठविण्यात आला, असे दियोगु दु कोतु याने नमूद केले आहे. पुढे तो नाहीसा झाला.

याच पोर्तुगीजांपैकी जुआंव द काश्त्रू याने १५३८ मध्ये लेण्याची मापे घेतली होती. तथापि शास्त्रशुद्ध आराखड्याचे श्रेय कार्स्टेन नीबूर यास दिले पाहिजे. डॅनिश मोहिमेतील चित्रकार बाऊरेनफाइंड मुंबईस पोहोचण्यापूर्वीच १७६३ मध्ये समुद्रात मरण पावल्यामुळे हे काम या गणितज्ञावर आले. तो बेटावर तीनदा गेला. त्याची चित्रे १७७८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या रेखाटनांतील मूर्तींत जीव नाही हे खरे. पण भूमापकाच्या हाताकडून तशी अपेक्षाच का करावी?

जेम्स बर्जेसने १८७१ च्या ग्रंथात अधिक बारकाईने मापे दिली. मंडप उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम सुमारे १३० फूट. पश्चिमेकडील चार द्वारांच्या गर्भगृहाची आतील बाजू सुमारे साडेएकोणीस फूट. मधली वेदी सुमारे पावणेदहा फूट चौरस. महेशमूर्ती उत्तरद्वारासमोर, तर गर्भगृह पूर्वद्वारासमोर. एकाच मंडपात दोन अक्ष आहेत, ही गोष्ट वर्णनापेक्षा आराखड्यावरूनच लवकर ध्यानात येते.

खांबांची अंतरे सारखी नाहीत, ओळीही काटेकोर सरळ नाहीत. बांधीव इमारतीत चुकलेला दगड बदलता येतो. कोरीव कामात काढलेला खडक परत बसविता येत नाही. रोममधील आरा पाचिस ही वेदी विखुरलेल्या तुकड्यांतून १९३८ मध्ये पुन्हा उभारता आली, कारण ती मुळात जोडकामच होती. येथे आराखडा काढणाराने ओळी सरळ केल्या, तर कारागिरांच्या हाताचा पुरावाच पुसला जाईल.

एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांचा कल हे लेणे आठव्या शतकाकडे वा त्याही पुढे नेण्याकडे होता. आता शैली आणि बेटावर सापडलेली कलचुरी कृष्णराजाची नाणी यांच्या आधारे ते सहाव्या शतकाच्या मध्यास ठेवले जाते. मात्र वेदीवरील लिंग लेण्याच्या खडकाहून घट्ट कणांच्या निराळ्या दगडाचे असून खोबणीत बसविलेले आहे. म्हणून मंडपाचा काळ लिंगास आपोआप लागू पडत नाही, आणि वेदीची मापे लिंगाच्या मापांपासून वेगळी नोंदविणे अगत्याचे ठरते.